गिअरबॉक्स आवाज करतोय? पाना नंतर उचला, आधी कान लावा!



मागच्या पावसाळ्यात धारणीहून एका पोराचा फोन आला. आयटीआय झालेला, परतवाड्याच्या गॅरेजमध्ये दोन वर्षं हेल्पर म्हणून राबलेला, आणि आता धारणीत स्वतःचं टिनाचं शेड टाकून बसलेला. आपल्या ट्रेनिंगचाच विद्यार्थी.

"सर, काळी-पिवळी आली गॅरेजवर. बॉक्स लय घूं-घूं करून राहिला. मालक म्हणते आजच खोल. खोलू काय?"

मी विचारलं, "आवाज कधी येतो? क्लच दाबल्यावर का सोडल्यावर? गाडी उभी असताना येतो, का चालू लागल्यावर?"

तिकडे दोन क्षण शांतता. मग म्हणतो, "थे त नाही पाह्यलं जी."

मित्रांनो, आजचा विषय या एका वाक्यात आहे. हातात पाना आहे, अंगात जोर आहे, गिऱ्हाईक दारात उभं आहे, पण बिघाड कुठे आहे ते पाहिलंच नाही. गॅरेजचा धंदा इथेच बुडतो आणि इथेच उभा राहतो. म्हणून आज गिअरबॉक्सचा आवाज ओळखायचा कसा, दुरुस्त करायचा कसा आणि त्याचे पैसे लावायचे कसे, हे तिन्ही पाहू. तुमचं गॅरेज नसलं तरी वाचा. फ्रिज रिपेअरिंग असो, मोटार वाइंडिंग असो की मोबाइलचं दुकान, हिशोब सगळीकडे हाच आहे.

धारणीत ही चूक महाग का पडते?

धारणी म्हणजे मेळघाट. अमरावतीहून निघालं की परतवाडा, घटांग, सेमाडोह, हरिसाल असा घाट आणि जंगलाचा रस्ता, सुमारे दीडशे किलोमीटर. अकोला-खंडवा ही मीटरगेज रेल्वे याच तालुक्यातल्या धुळघाटवरून जायची. जानेवारी २०१७ पासून ती गाडी बंद झाली. त्यामुळे बैरागड, सुसर्दा, कळमखारच्या माणसाला बाजारात, दवाखान्यात, तहसीलला यायचं तर एसटी, नाहीतर जीप. काळी-पिवळी दोन दिवस उभी राहिली की मालकाचा हप्ता अडतो आणि त्या गावच्या माणसांचं येणं-जाणंही अडतं.

त्यात इथल्या गाडीचं जगणंच वेगळं. घाटात दिवसभर दुसरा-तिसरा गिअर, गाडी भरलेली, आणि पावसाळ्यात रपट्यावरून पाणी वाहत असतानाही ड्रायव्हर गाडी घालतो. गिअरबॉक्सला मोकळा श्वास घ्यायला वर एक छोटं छिद्र असतं, त्याला ब्रीदर म्हणतात. तापलेला बॉक्स एकदम थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, जुन्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. पाणी तेलात मिसळलं की तेलाचा थर तुटतो, बेअरिंगला गंज धरतो, आणि महिनाभराने आवाज सुरू होतो. मालक म्हणतो, "गाडी त चांगली होती, अचानक झालं." अचानक काही होत नाही, दादा. ते रपट्यावर झालं होतं, ऐकू आता आलं.

माझी स्वतःची चूक

ज्ञान वाटायच्या आधी स्वतःचं सांगतो. मी गॅरेजमध्ये होतो तेव्हा एक जीप आली होती. चालताना घुमल्यासारखा आवाज. मी छातीठोकपणे सांगितलं, "बॉक्स गेला." दीड दिवस लावून बॉक्स उतरवला, खोलला, आत सगळं ठीक. तरीही दोन बेअरिंग बदलली, कारण आता गिऱ्हाइकाला काय तोंड दाखवणार? बॉक्स चढवला, ट्रायलला नेली, आवाज तसाच! डाव्या बाजूचं चाकाचं बेअरिंग गेलं होतं. डावीकडे-उजवीकडे वळवून पाहिलं असतं तर दहा मिनिटांत कळलं असतं. त्या माणसाने पैसे दिले, भांडला नाही. पण परत कधी आला नाही. भांडणारं गिऱ्हाईक परत येतं मित्रांनो, गप्प जाणारं येत नाही.

दहा मिनिटांची तपासणी: सहा प्रश्न

आधी सुरक्षितता. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, चाकांना ओट लावलेली. खाली शिरायचं असेल तर जॅकवर भरवसा नाही, घोडी लावायचीच.

पहिला प्रश्न: गाडी उभी, इंजिन चालू, न्यूट्रल, क्लचवर पाय नाही. आवाज येतो का?
येत असेल तर आता क्लच पूर्ण दाबा. आवाज हळूहळू थांबला, तर दोष बॉक्सच्या आत आहे. कारण न्यूट्रलमध्येही इनपुट शाफ्ट आणि खालचा लेशाफ्ट फिरतच असतात. क्लच दाबला की ते थांबतात. म्हणजे संशय इनपुट शाफ्टच्या किंवा लेशाफ्टच्या बेअरिंगवर.

दुसरा प्रश्न: उलटं होतंय का? म्हणजे क्लच दाबल्यावरच आवाज येतो आणि सोडल्यावर जातो?
मग बहुधा क्लचचं रिलीज बेअरिंग. बॉक्स उतरवावा लागेल, पण खोलायची गरज नाही. गिऱ्हाइकाच्या खर्चात इथे मोठा फरक पडतो.

तिसरा प्रश्न: आवाज सगळ्या गिअरमध्ये आहे, की एकाच?
एकाच गिअरमध्ये असेल तर त्या गिअरचे दात किंवा त्याखालचं नीडल बेअरिंग. सगळ्यात असेल तर बेअरिंग किंवा तेल. आणि मागच्या चाकांवर चालणाऱ्या जीपसाठी एक युक्ती. अशा बहुतेक पाच गिअरच्या बॉक्समध्ये चौथा गिअर डायरेक्ट असतो, म्हणजे ताकद लेशाफ्टकडे न जाता सरळ मेनशाफ्टला मिळते. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्यात आवाज आणि चौथ्यात कमी, तर लेशाफ्ट पाहा. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या कारच्या बॉक्समध्ये असा डायरेक्ट गिअर नसतो. तिथे ही युक्ती लावू नका.

चौथा प्रश्न: चालत्या गाडीत मोकळ्या, सपाट रस्त्यावर क्षणभर न्यूट्रल केलं तरी आवाज तसाच येतो का?
आवाज इंजिनबरोबर बदलत नाही, गाडीच्या वेगाबरोबर बदलतो, तर आधी बॉक्सच्या बाहेर शोधा. चाकाचं बेअरिंग, प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस, डिफरन्शिअल. वळणावर आवाज वाढला-कमी झाला तर चाकाचं बेअरिंग. गाडी उचलताना "टक्" होत असेल तर क्रॉस. ही ट्रायल घाटात, उतारावर करायची नाही. उतारावर न्यूट्रल म्हणजे मरणाला आमंत्रण.

पाचवा प्रश्न: गिअर टाकताना खर्र होतं का?
इंजिन बंद करून गिअर टाकून पाहा. बंद असताना मऊ पडतो आणि चालू असताना अडतो, तर आधी क्लच पाहा. दुसरी परीक्षा: गाडी उभी, इंजिन चालू, क्लच पूर्ण दाबून पाच सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. तरीही खर्र झालं तर क्लच नीट सुटत नाही. क्लचचं तेल, सिलिंडर, केबल, सेटिंग बघा. क्लच चांगला आहे आणि चालत्या गाडीत फक्त दुसऱ्याला खर्र होतं, तर त्या गिअरची सिंक्रो रिंग झिजली. ही सिंक्रोमेशची व्यवस्था १९२८ मध्ये कॅडिलॅक गाडीत पहिल्यांदा आली. त्याआधी ड्रायव्हरला कानाने आणि पायाने वेग जुळवून गिअर टाकावा लागायचा. म्हणजे कान लावणं हा या धंद्यातला जुनाच गुण आहे.

सहावा प्रश्न: गिअर आपोआप सुटतो का?
सिलेक्टरची स्प्रिंग आणि गोळी, फोर्कची झीज, स्लीव्हचे दात, आणि बॉक्सचं माउंटिंग. यातलं माउंटिंग सगळ्यात स्वस्त, म्हणून सगळ्यात आधी तेच पाहायचं.

ही उत्तरं जॉब कार्डवर लिहा. डोक्यात ठेवू नका. चार गाड्या उभ्या असल्या की डोकं दगा देतं.

सातवा साक्षीदार: तेल

कान झाला, आता डोळा. बॉक्सच्या बाजूला लेव्हल प्लग असतो. गाडी सपाट उभी करून तो खोला. तेल छिद्राच्या काठापर्यंत हवं. कमी असेल तर गेलं कुठे ते शोधा, मागचं सील, पुढचं सील की ड्रेन प्लगचा वॉशर. एक सोपा नियम ध्यानात ठेवा: ड्रेन प्लग खोलण्याआधी लेव्हल प्लग खोलून बघायचा. तेल काढून टाकलं आणि भरायचा प्लग जाम निघाला, तर गाडी तुमच्याच दारात अडकली.

मग थोडं तेल स्वच्छ डबीत घ्या आणि उजेडात पाहा.

- प्लगच्या चुंबकावर राखाडी मऊ चिखल: थोडा असेल तर नेहमीची झीज.
- सोनेरी, पितळी चमक: सिंक्रो रिंग झिजतेय.
- बोटाला टोचणारे पोलादाचे तुकडे: दात किंवा बेअरिंग तुटलंय. आता गाडी चालवायचीच नाही.
- दुधाळ, चहासारखं तेल: पाणी शिरलंय.

तेल भरताना गाडीच्या पुस्तकात लिहिलेली जातच भरायची. "जाड टाकलं की आवाज दबते" हा सल्ला तुम्हाला नेहमी ऐकू येईल. आवाज दबतो, बेअरिंग नाही सुधरत. आणि जीएल-४ सांगितलं असेल तिथे दुकानात आहे म्हणून जीएल-५ ओतू नका. डिफरन्शिअलसाठी बनलेल्या त्या तेलातले काही घटक सिंक्रो रिंगच्या पितळेला मानवत नाहीत, आणि त्या रिंगला जी पकड लागते तीही कमी होऊ शकते.

त्या काळी-पिवळीचं काय निघालं?

पोराने फोन चालू ठेवूनच तपासलं. न्यूट्रलला आवाज, क्लच दाबला की बंद. चौथ्यात आवाज कमी. लेव्हल प्लग खोलला तर तेल दुधाळ.

"सर, पाणी हाये यात!"

आता खरी परीक्षा होती. मालकाला सांगितलं, पाणी शिरलंय, बेअरिंग गेल्यात जमा आहे, बॉक्स खोलावा लागेल. मालक म्हणाला, "बाप्पा, बाजाराचा दिवस तोंडावर आहे. तेल बदल अन् सोड गाडी."

नवीन माणूस इथे दोन चुका करतो. एक तर भांडतो, नाहीतर "हो" म्हणून तेल बदलतो आणि गप्प बसतो. पोराने तिसरा रस्ता घेतला. तेल बदलून दिलं, जुनं दुधाळ तेल बाटलीत भरून मालकाच्या हातात दिलं, आणि जॉब कार्डवर लिहिलं: 'लेशाफ्ट बेअरिंगचा आवाज आहे. तेल बदलून जाणार नाही. जवळचीच फेरी करावी, भार कमी ठेवावा, आवाज वाढल्यास गाडी थांबवावी.' सही घेतली. आणि त्याच संध्याकाळी बेअरिंग-सीलचे नंबर परतवाड्याच्या पार्टवाल्याला कळवून ठेवले.

चौथ्या दिवशी गाडी परत आली. लक्षात घ्या, त्याच गॅरेजला आली. कारण जे लिहून दिलं होतं तेच झालं होतं. आता मालकाने विचारलं नाही "खोलू काय?" म्हणून. म्हणाला, "कधी देशील तेवढं सांग."

खोलायचंच ठरलं तर

१. बॅटरीची वायर काढा, तेल काढा, प्रॉपेलर शाफ्टवर खूण करून मगच सोडवा, म्हणजे तसाच परत बसेल.

२. बॉक्स उतरवायला ट्रान्समिशन जॅक किंवा दोन माणसं आणि मजबूत आधार. बॉक्सचं वजन क्लच प्लेटवर लोंबकळू द्यायचं नाही. प्लेट वाकली की नवा आजार.

३. उघडताना प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो. सर्क्लिप, वॉशर, शिम ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने ट्रेमध्ये.

४. बेअरिंग ठोकून काढू नका, पुलर वापरा. नवं बसवताना शाफ्टवर घट्ट बसणाऱ्या आतल्या कड्यावरच दाब द्या. बाहेरच्या कड्यावर हातोडा मारला तर नवं बेअरिंग बसवतानाच जुनं झालं.

५. बॉक्स खाली आहे तोवर रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग, क्लच प्लेट, पुढचं-मागचं सील तपासा. गिऱ्हाइकाला सांगा, "दादा, आता बदललं तर मजुरी एकदाच लागेल." निर्णय त्याचा.

६. सिंक्रो रिंग कोनावर दाबून फीलर गेजने फट मोजा. दातांवर खड्डे पडले असतील तर फक्त बेअरिंग बदलून आवाज पूर्ण जाणार नाही, हे आधीच सांगा.

७. शिमचं माप आणि बोल्टचा टॉर्क पुस्तकाप्रमाणे. अंदाजाने नाही.

८. ब्रीदर साफ करा. नाल्यातून जाणाऱ्या गाडीला ब्रीदरवर रबरी नळी जोडून तिचं तोंड उंचावर नेता येतं. खर्च किरकोळ, पण पुढच्या पावसाळ्यात मालक तुमचं नाव काढेल.

आणखी एक मेळघाटी सूचना. सेमाडोहजवळ बंद पडलेली जीप मागची चाकं जमिनीवर ठेवून धारणीपर्यंत ओढत आणायची असेल, तर प्रॉपेलर शाफ्ट सोडवून आणा. इंजिन बंद असताना लेशाफ्ट फिरत नाही, तेल वर उडत नाही, आणि मेनशाफ्ट मात्र कोरडा फिरत राहतो. ओढताना चांगला बॉक्स जाळला असं होऊ नये.

आता पैशाचं बोलू

पोराला विचारलं, "मजुरी किती घेणार?" म्हणाला, "परतवाड्यात घेतात त्याच्यापेक्षा थोडी कमी." मित्रांनो, ही किंमत नाही, हा अंदाज आहे. हिशोब असा करा. आकडे समजण्यापुरते धरतोय, तुमचे तुम्ही टाका.

- शेडचं भाडं ३,००० रुपये
- हेल्पर ८,००० रुपये
- वीज आणि किरकोळ १,००० रुपये
- हत्यारांचा हप्ता २,००० रुपये
- तुमचा स्वतःचा पगार १६,००० रुपये

एकूण महिना ३०,०००. कामाचे दिवस २५, म्हणजे रोजचे १,२००. दिवसात आठ तास गॅरेज उघडं असलं तरी खरं बिलाचं काम पाचच तास होतं. म्हणजे तासाला २४० रुपये ही तुमची नुसती लागत आहे, नफा अजून धरलाच नाही. बॉक्स उतरवणं, खोलणं, बसवणं, चढवणं, ट्रायल याला दहा तास धरले तर २,४०० रुपयांच्या खाली मजुरी घेतली की तुम्ही खिशातून पैसे घालून गाडी दुरुस्त केली.

आता चुकीच्या निदानाचा हिशोब बघा. बॉक्स विनाकारण खोलला आणि गाडी परत आली, तर दुसऱ्यांदाचे ते २,४०० कोण देणार? तुम्हीच. दहा मिनिटं वाचवायला गेलात आणि दहा तास घालवले.

म्हणून चार नियम:

तपासणीचे पैसे घ्या. दोनशे-तीनशे जे तुमच्या बाजारात चालेल ते. काम तुम्हालाच दिलं तर बिलातून वजा करा. फुकट निदानाला लोक फुकटचीच किंमत देतात.

अंदाजपत्रक लेखी द्या, दोन भागांत: 'नक्की लागेल' आणि 'खोलल्यावर कळेल'. दुसऱ्या भागासाठी फोन करून परवानगी घेतल्याशिवाय पुढे जायचं नाही.

पार्टचा अ‍ॅडव्हान्स घ्या, आणि जुना पार्ट परत द्या. खड्डे पडलेलं बेअरिंग गिऱ्हाइकाने हातात फिरवून पाहिलं की बिलावर वाद होत नाही.

गाडी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी किती वाजता देणार ते सांगा, आणि पार्ट घाटापलीकडून यायचा आहे हे धरून सांगा. धारणीत बसून अमरावतीच्या वेळा देऊ नका.

हत्यारं आणि भांडवल

पहिल्या दिवशी हायड्रॉलिक प्रेस घ्यायची गरज नाही. प्रेसचं काम महिन्यात दोनदा असेल तर लेथवाल्याकडून करून घ्या. पण घोडी, पुलर, सर्क्लिप प्लायर, फीलर गेज आणि टॉर्क रेंच स्वतःचे हवेत.

भांडवलासाठी मुद्रा योजनेत शिशू गटात ५० हजारांपर्यंत आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत कर्जाची सोय आहे. मोठा विचार असेल तर पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम पाहा. सेवा उद्योगाला २० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के, तर अनुसूचित जमाती, महिला अशा विशेष गटांना ३५ टक्के अनुदान आहे. मेळघाटातल्या कोरकू पोरा-पोरींनी हा आकडा नीट वाचावा. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, तिच्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. अर्ज करताना सद्यस्थिती जिल्हा उद्योग केंद्रात विचारून घ्या, कारण नियम बदलत राहतात.

जाता जाता

ती काळी-पिवळी तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शेडमधून बाहेर पडली. पोराचा फोन आला. मी विचारलं, "आवाज?"

"नाही जी. आता पान्यायचाच आवाज येऊन राहिला. मालकानं दुसरी गाडी पाठवली."

"तिचं काय?"

"सांगतो सर. अजून ऐकून राहिलो."

मित्रांनो, हे शेवटचं वाक्य आपल्या शेडमध्ये लिहून लावा. आणि उद्या जी पहिली गाडी, पंखा, मोटार, मोबाइल दुकानात येईल, त्याच्यावर पाना लावायच्या आधी गिऱ्हाइकाला एकच विचारा: "हे नेमकं कधी होतं?" उत्तर वहीत लिहा. महिनाभर लिहा. मग बघा, परत येणाऱ्या कामात किती फरक पडतो ते.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर काम करत राहा, हिशोब लिहीत राहा!